बावीसच्या वर जाऊ द्यायचं न्हाय

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं टेंपरेचर बघायचं, हे सम्मेदचं काम. चौदाशे डिग्रीम्होरं हा बाबा निवांत शेंगा खात उभा राहील. पण घरात एकवीसचं बावीस झालं की ह्याची पळापळ. कारण मंगळवार पेठेतल्या घरात, मोरीशेजारच्या खोलीत, त्यानं झाकणाच्या बादलीत बिअर घातलीती. व्हय, बिअरच. ज्या जैनाच्या घरात कांद्यालाबी उंबऱ्याच्या आत जागा न्हाय, त्या घरात.

मोबाईलवर बघून शिकला, माल्ट आणि यीस्ट पार्सलनं मागवलं. यीस्टचे जीव आंबवाय लागले की बादली आतनंच तापती, आणि बावीसच्या वर गेली की बिअरला नेलपॉलिशचा वास मारतो, एवढं त्यानं पक्कं ध्यानात ठेवलेलं. फ्रीजात बादली मावंना. मग पाण्याच्या टपात बादली, तिच्या अंगावर ओलं पोतं, आणि डिग्री दाखवणारी पट्टी बाहेरनं चिकटवलेली. पण मार्चचं ऊन, पोतं दोन तासांत वाळायचं, आणि ह्याची ड्युटी आठ तासांची. भिजवणार कोण?

आई की. पद्मावतीआक्का. तिला सांगितलं, बापूसोमामाच्या उसासाठी जीवामृत, शेणागुळाचं खत, घातलंय. शेणाचा वास कसा येईना, असं तिनं विचारलंच. तर म्हणाला, नवी पद्धत हाय. शिकलेलं पोरगं, खोटंबी शिकल्यासारखं बोललं.

"आत जीव असत्यात व्हय रे?" तिनं विचारलं.

"असत्यात की. कोट्यानं."

झालं. दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय पाणी न पिणारी बाई, तिच्या गळ्यात कोट्यानं जीव घालून, बावीसच्या वर जाऊ द्यायचं न्हाय असं बजावून गडी कामावर गेला. त्या दिवसापास्नं तिची दुपारची झोप गेली. दर दोन तासांनी फौंड्रीत फोन यायचा: एकवीस हाय, काळजी करू नको. चतुर्दशीला तिचा कडक उपवास, पाण्याचा थेंब न्हाय. त्या दिवशीबी बर्फाच्या बाटल्या उचलून टपात सोडत बसली.

ह्यानं फोनवर म्हटलं, आई, आज राहू दे. तर म्हणती, "तुझ्या टायफॉईडात कपाळावर अशाच घड्या बदलल्यात मी. जिवाला ताप सोसत न्हाय, बाळ."

सम्मेदच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. तवाच सांगाय पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर बिअर झकास जमत आलीती, एकदाबी बावीसच्या वर गेली नव्हती, आणि ती आईच्या हातानंच जमलीती. लाज वाटायची आणि लाळबी सुटायची, दोन्ही एकदमच.

नवव्या दिवशी मामाचा मलकापूरहून फोन: रविवारी जीवामृत न्यायला कॅन घेऊन येतो. आई तर मामाला पोत्याची पद्धत समजावून सांगाय लागली. आता मात्र सम्मेदला लपवणं जमंना. फोन ठेवल्यावर तिच्याम्होरं जाऊन बसला.

"आई, ते जीवामृत न्हाय. दारू हाय. बिअर."

आक्कानं पट्टीवरचा आकडा बघितला आणि सरकलेलं पोतं नीट केलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

"ओतून देतो आत्ता," तो म्हणाला.

"आणि मोरीत मारतोस व्हय त्यास्नी? राहू दे. त्यांचं काय चुकलंय?" मग म्हणाली, "मामाला तुझ्या तोंडानं सांग. माझ्या हातानं झालंय, त्याचं प्रायश्चित्त मी घेते."

त्यानं मामाला फोन लावला, शिव्या खाल्ल्या. त्या गोड लागल्या.

सकाळी चहाला बसले तर आक्काचा कप बिनसाखरेचा. वर्षभर साखर-गूळ सोडला म्हणाली. सम्मेदनं आपला कप म्होरं केला, "मलाबी बिनसाखरेचा दे."

"तुला कोण म्हणालं?" असं म्हणत तिनं त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली. आणि उठून पोतं भिजवाय गेली.