मायनं वरच पाणी पुजलं

माझ्या मायच्या पायातून एकदा हातभर लांब जिवंत किडा निघाला होता.

नारू म्हणतात त्याला. नव्या पोरांनी गूगल करावं, पण जेवायच्या आधी नको.

माय काल दुपारी गेली. शंभरीला टेकली होती. चहा मागितला, दोन घोट घेतले आणि मान कलती झाली.

येणारा-जाणारा "भाग्यवान होती" म्हणतोय. होतीच. पण तरुणपणी तिनं जे केलं ते आज लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

इंग्रजांचं राज्य संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माय लग्न होऊन रिठदजवळच्या आमच्या खेड्यात आली. गावाला पाण्याची एकच बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. बाया शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या.

ज्याच्या पायात नारू, तोही तिथंच उतरायचा. थंड पाण्यात आग कमी व्हायची ना. नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटायची, आणि तेच पाणी सगळं गाव प्यायचं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मायला नारू झाला. ती त्यातून उठली. मग तिच्या मोठ्या जावेला झाला, आणि ती ऐन ज्वारीच्या सुगीत खाटेला खिळली.

तेवढ्यात मायला दिवस गेले. तेव्हापासून तिचं एकच टुमणं.

"माह्या लेकराले नारू नको."

उपाय वाशीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना माहीत होता. पायऱ्या बंद करा, वरून रहाटानं पाणी काढा. एवढंच.

पण दवाखाना म्हणे, विहीर लोकल बोर्डाची, म्हणजे तेव्हाच्या जिल्हा परिषदेची. बोर्ड म्हणे, रोग दवाखान्याचा. आमचे पाटील म्हणत, "दोनी सरकारचेच हायेत, आपन कायले मधात पडा?"

(मी सारी नोकरी आरोग्य खात्यात काढली. मीटिंगमध्ये 'समन्वय' हा शब्द निघाला की मला हसू यायचं. साहेबांना वाटे, मी फार पॉझिटिव्ह आहे.)

शेवटी डॉक्टरांनी बोर्डाच्या ओव्हरसिअरना आपल्याच दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसवून गावात आणलं आणि थेट जावेच्या खाटेशी उभं केलं. पायातून निघता निघता काडीला गुंडाळलेला नारू पाहून त्यांचा चेहरा उतरला.

त्याच दिवशी शाळेच्या ओसरीत सगळे एकत्र बसले. बोर्डानं गवंडी द्यायचा, पाटलांनी दगड आणि बैलगाड्या. मास्तरांनी शाळेतल्या पोरांहाती घरोघरी पाणी गाळायचं फडकं धाडायचं.

आणि खरंच झालं हो! वाशीमचे करीमचाचा गवंडी आले, पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली, रहाट बसला.

थोड्याच दिवसांत भिंतीचे वरचे दगड गायब.

पाटील तापले. "ज्यानं काढले त्याले चावडीत बसवतो."

बसवणार कोणाला? दगड गावातल्या बायांनी काढले होते. त्यांत माझी आजी, म्हणजे मायची सासू, सगळ्यांत पुढे.

आमच्या गावात बाळंतीण बाराव्या दिवशी बारवेत उतरते, पाण्यात पाय बुडवते, हळदकुंकू वाहून पाणी पुजते. त्याआधी तिनं घरातल्या पाण्याला शिवायचं नाही. डॉक्टर, ओव्हरसिअर, पाटील, मास्तर, चौघांनी चुन्यापासून दोरीपर्यंत सगळा विचार केला. बाळंतिणीनं आता कुठे उतरायचं, हे मात्र एकाही बाईला विचारलं नाही.

आणि भिंत झाल्यानंतरची पहिली बाळंतीण होती माझी माय. मांडीवर माझा दादा.

बाराव्या दिवशी ती बारवेवर आली. बाया जमल्या होत्या. दगडांची चौकशी करायला चौघेही आलेले.

आजी म्हणाली, "उतर. वाट केली हाय."

माय भिंतीपाशीच थांबली. "मी नाही उतरत, आत्याबाई."

"काहून?"

"माह्या पायातला किडा याच पाण्यातून आला. आता पाय बुडवू अन् तेच पाणी लेकराच्या तोंडात घालू?"

"अन् पाण्यातली देवी कोपली म्हंजे?"

"देवीबी बाईच हाय. तिले समजन."

आजी वाईट नव्हती. तिची स्वतःची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. नातवासाठी तीही घाबरलेलीच होती, फक्त तिची भीती देवीची होती.

भिंत दुरुस्त करायला आलेले करीमचाचा थापी बाजूला ठेवून म्हणाले, "अम्मा, पानीच वर आनू ना. रहाटापाशी लहानसा हौद बांधतो. बहूचे पाय बुडतीन, अन् ते पानी माघारी बारवेत नाही जाईन."

ओव्हरसिअर पुटपुटले, मंजुरी नाही.

पाटलांनी आपल्या गोठ्यातली, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आणवली. "मंजुरी येईन तवा येईन. आज यात भागवा."

माय रहाटाकडे निघाली तशी आजीनं तिला मागे सारलं. "सर. बाळंतिणीनं ओढू नये." पहिली बादली आजीनं स्वतः ओढली.

मायनं वरच पाय बुडवले. वरच पाणी पुजलं.

पुढे हौद झाला, आणि गावातली प्रत्येक बाळंतीण तिथंच पूजा करू लागली. भिंतीचा दगड पुन्हा कोणी काढला नाही. नारू एका दिवसात गेला नाही, पण दरसाल कमी होत होत गावातून गेलाच.

मी नोकरीला लागल्यावर नवी योजना कौतुकानं सांगायचे. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बायाले विचारलं का?"

विचारलेलं नसायचं. मग मी दुसऱ्या दिवशी विचारायला जायचे.

दादाला नारू कधीच झाला नाही. आता तो ऐंशीचा आहे. काल नातवंडं म्हणाली, आबा, गाडीत बसा, स्मशान लांब आहे. त्यानं ऐकलं नाही. मायला खांदा दिला आणि शेवटपर्यंत पायी गेला.

जा माय, निवांत जा. तुझं लेकरू आपल्या धड पायांनी तुला पोचवून आलं.