परत घातलेली चूक

बारामती-इंदापूर एसटीत शेजारच्या माणसाच्या चपलांना रानातला चिखल होता आणि मांडीवर लॅपटॉप. खड्डा आला की तो झाकण मिटायचा, रस्ता नीट लागला की उघडायचा. मला राहवेना. विचारलं, "काय चाललंय एवढं?"

"पर्ल म्हणून संगणकाची जुनी भाषा हाय. तिच्यातला तारखा वाचायचा एक प्रोग्राम आमी देशोदेशीची माणसं मिळून फुकट सांभाळतो. त्यातली एक चूक मी काल हौसंनं काढून टाकली. आता तीच परत घालतोय."

"चूक परत घालताय?"

"तिकडं ब्राझीलमधनं एका बाईचा मेल आला. तिच्या दवाखान्याचं सगळं काम त्या चुकीवरच बेतलेलं. ते बंद पडलं." त्यानं कानामागं खाजवलं. "बांध सरळ करायच्या आधी कुणाची पायवाट हाय का, बघाय पायजे हुतं."

कळस गावाच्या अलीकडं "हे आमचंच रान," म्हणत तो उतरला. खिडकीतून दिसलं, भरल्या उसाच्या मधोमध एक वाकडी वाट सोडलेली होती. इतकं रान कोण वाया घालवतं, असं मनात येतंय तोवर त्या वाटेनं डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली म्हातारी आली.

त्यानं लॅपटॉप छातीशी धरला आणि स्वतःच्याच उसात अंग चोरून तिला वाट दिली.