माझं मलम आणि वडिलांची तहान

मार्च महिन्यात संत्र्याचा बगीचा उतरला की वडील काटोलजवळच्या गावाहून बसने आमच्याकडे नागपूरच्या नंदनवन भागात येतात आणि दोन-तीन दिवस राहतात. त्या वर्षी आले तेव्हा ते तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. "अहो, बाबांना तहान फार लागते," असं बायको दोनदा म्हणाली. मी म्हटलं, नागपूरचं ऊन आहे. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील मला गच्चीवर घेऊन गेले. कपडे वाळत घालायच्या तारेकडे बघत म्हणाले, "बाबू, तू शिकलेला आहेस म्हणून विचारतो. लघवीच्या जागेची कातडी आवळून राहिली. मागे सरकत नाही. चिरा पडल्या. आग होते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"पोराले हे सांगतेत का?"

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती तोवर फक्त एका डॉक्टरांना माहीत होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मलाही हाच त्रास होता. माझी कातडी कधी मागे जातच नव्हती आणि सगळ्यांचं असंच असतं असा माझा समज होता. आंघोळीच्या वेळी दुखायला लागलं तेव्हा धीर करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. लहानपणी कातडी घट्टच असते आणि वयाबरोबर सैल होते. काहींची होत नाही. ओढाताण केली तर चिरते, जखम भरताना आणखी आवळते. म्हणून सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ मलमाचा पातळ थर लावायचा, कोमट पाण्याने धुताना दुखणार नाही इतपतच हळूहळू मागे घ्यायची आणि धुऊन झालं की लगेच पुढे आणायची. मागे अडकून सूज आली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. मी परीक्षेच्या वेळापत्रकासारखं सगळं पाळलं आणि बरा झालो.

वडिलांनी ऐकून घेतलं. "मंग तू सांगितलं काहून नाही?"

"बापाले सांगतेत का?"

ते हसले. या विषयावर आम्ही दोघं हसू शकतो हे मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर कापते. तुह्या मलमानं होत असंल तर तेच दे." वडील चौथी शिकलेले. घरात पहिला पदवीधर मी. बँकेचा फॉर्म असो, खताच्या पिशवीवरचा मजकूर असो, ताप असो, घरात माझा शब्द शेवटचा. मलमाचं नाव मला पाठ होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. दोन ट्यूब घेऊन वडील गावी गेले.

मी फोनवर विचारायचो. "लावून राहिलो ना, दोन्ही टाइम," असं उत्तर यायचं. महिना झाला. मग एक दिवस आईचा फोन आला. "तुह्या बाबाले लघवी थेंब थेंब होते. कण्हून राहिले. माह्यावर चिडतेत."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कोराडीच्या ऑफिसात रजा टाकली आणि त्यांना नागपुरात डॉक्टरांकडे नेलं. तपासणी पडद्याआड झाली. कातडी सुजली होती, तिच्यावर पांढरा थर होता. बाहेर येऊन डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "काका, तहान किती लागते?"

"गंज लागते. तांब्यावर तांब्या."

बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती इतकी जास्त होती की डॉक्टरांनी आणखी रक्त घेऊन तपासायला पाठवलं. वडिलांना मधुमेह होता आणि आमच्यापैकी कोणालाच पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं नीट असलेली कातडी या वयात आवळायला लागली तर आधी साखर तपासायची. साखरेमुळे तिथे बुरशी वाढते, चिरा पडतात, भरताना कातडी निबर होते.

"हे मलम कोणी दिलं?"

"पोरानं," वडील म्हणाले. "ग्रॅज्युएट आहे माहा पोरगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "कशातले?"

"कॉमर्स."

ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की माझं मलम माझ्या दुखण्याला बरोबर होतं. इथे आत बुरशी होती, त्यावर नुसतं तेच लावल्याने ती आणखी पसरली आणि एक महिना वाया गेला. मी मान खाली घातली. वडील मात्र आपल्याच काळजीत होते. "डॉक्टरसाहेब, कापाव लागते का? आपल्या धर्मात नाही करत ते."

"इथं सगळ्यांचं होते काका. कातडी निबर झाली म्हणून काढायची, दुसरं काही नाही. आधी साखर आणू खाली."

गोळ्या, पथ्य, बुरशीचं औषध. लघवीची धार सुधारली, आग थांबली, पण कातडी सैल झाली नाही. दोन महिन्यांनी साखर आटोक्यात आल्यावर ऑपरेशन झालं. तेवढाच भाग बधिर केला होता आणि ते संध्याकाळी घरीही आले. तीन आठवडे लुंगी नेसून आमच्याकडे राहिले. ड्रेसिंग मी करायचो. पहिल्या दिवशी दोघांनीही भिंतीकडे बघितलं, चौथ्या दिवसापासून आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोलायला लागलो.

त्या दिवसांत मी एकदा म्हटलं, "बाबा, माह्यामुळे महिना गेला."

"तू नसता बोलला तर मी अजून गच्चीवरच असतो," ते म्हणाले. "पट्टी बांध."

मागच्या महिन्यात गावच्या शेजाऱ्याने वडिलांच्याच फोनवरून मला विचारलं, पायाची जखम भरत नाही, एखादं मलम सांग. मी काही बोलायच्या आत मागून वडिलांचा आवाज आला, "त्याले काहून विचारतं गा? तो कॉमर्सवाला आहे. काटोलले जा, आधी शुगर तपास."

मीही तेच सांगितलं.