गुरुजींची शांता

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना एक घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःला एक कालवड घेतली. जन्मभर पोरं हाकली, आता मुकं जनावर सांभाळावं, ते उलट उत्तर तरी देणार नाही, असा त्यांचा विचार. कालवड गरीब स्वभावाची. म्हणून नाव ठेवलं शांता.

गुरुजी बोलण्यात भारी सोवळे. मुलगा झाला तेव्हा शाळेत त्यांनी "घरी एकाची वाढ झाली" एवढंच सांगितलं होतं. हेडमास्तरांना वाटलं, पाहुणा आलाय.

एके सकाळी शांतानं गोठ्यातून असा हंबरडा फोडला की शेजारच्या शिंप्याची शिवण वाकडी गेली. चारा जसाच्या तसा. दावणीला हिसके, शेपटी वर, नजर रस्त्याकडे. गुरुजींनी तिला ओवा चारला, कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग शेणाची पाटी उचलायला वाकले, तर शांतानं पुढचे दोन्ही पाय त्यांच्या पाठीवर ठेवले.

गुरुजी शेणात. मास्तरीणबाई दारात उभ्या, तोंडाला पदर लावून.

"हसतेस काय? पोरीला वात झालाय!"

"वात कसला डोंबलाचा! वयात आली ती. माजावर आलीय."

"हळू बोल, शिंपी ऐकेल!"

"त्याला कळलंय. न कळलेले तुम्ही एकटेच."

आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गुरुजी जनावरांच्या दवाखान्यात गेले. दारातल्या शिपायानं विचारलं, "काय तक्रार?"

"आमची शांता," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "दोन घास खात नाही. एका जागी ठरत नाही. सारखी रस्त्याकडे बघून ओरडते."

शिपायानं त्यांना बाजूला घेतलं. "काका, स्थळं बघा चांगली. हा जनावरांचा दवाखाना आहे."

"अहो, शांता कालवड आहे!"

तो घोळ निस्तरतोय तोवर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि पटकन पाया पडल्या. गुरुजींचीच विद्यार्थिनी, पुढच्या बाकावरची. आता हिच्यासमोर तो शब्द उच्चारायचा म्हणजे धर्मसंकट. गुरुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जनावराच्या ठायी काही... ऋतुमानानुसार बदल..."

"माजावर आलीय का, सर?"

गुरुजींनी मान डोलावली.

"सर, तुम्ही तो धडा आम्हाला शिकवलाच नव्हता. 'घरी वाचा' म्हणालात."

"मग तुला कसं कळलं?"

"घरी वाचला."

गुरुजी स्वतःच हसले, तसा घसा मोकळा झाला. मग त्यांनी सगळं विचारलं, अगदी पहिल्या बाकावरच्या पोरासारखं. बाईंनी समजावलं: आजार नाही, औषध नको, उद्यापर्यंत गप्प होईल. तीनएक आठवड्यांनी पुन्हा होईल. पण इतक्यात गाभण राहू देऊ नका, कुठला वळू फिरकू देऊ नका. अंगानं अजून लहान आहे, हाडं भरू द्या.

"म्हणजे वयात आली तरी मोठी झाली नाही," गुरुजी म्हणाले.

"बरोबर, सर."

घरी येऊन त्यांनी हे सगळं मास्तरीणबाईंना शिकवायला घेतलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझ्या माहेरी बारा गाई होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही 'हळू बोल' म्हणालात."

शांता दुसऱ्या दिवशी खरंच शहाण्यासारखी चारा खाऊ लागली. गुरुजी मात्र बदलले ते बदललेच. पुढची वेळ जवळ आली तसे ते शिंप्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. आत माप द्यायला आलेल्या बायका. गुरुजींनी घसा खाकरला आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमची शांता उद्या-परवा माजावर येईल. आवाज होईल. कोणी घाबरू नये. ही निसर्गाची रीत आहे. काही शंका?"

शिंप्याच्या तोंडातली टाचणी खाली पडली. बायकांत हशा पिकला. एक म्हातारी मात्र पुढं सरसावली आणि म्हणाली, "गुरुजी, आमची शेळी गेले दोन दिवस ओरडतेय. जरा येऊन बघता का?"

गुरुजी लगेच चपला घालून तिच्यामागं निघाले.