रागाचे हप्ते

साइटवर तिला सगळे घार म्हणत. वीस मजल्यांच्या उंचीवर काचेच्या केबिनमध्ये ती दिवसभर एकटी बसे आणि टॉवर क्रेन चालवी. खालून तिचा चेहरा दिसत नसे, फक्त वॉकी-टॉकीवर आवाज ऐकू येई, आणि तो आवाज बहुतेक वेळा कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत असे. पण हात असा, की दोन टन सळ्यांचा भारा झोपलेलं मूल ठेवावं तसा टेकवायची. पगारही हाताला शोभेलसा होता. साइटवरच्या तरुण इंजिनियरपेक्षा तिला जास्त मिळायचं, आणि हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो तिच्याशी जरा जपूनच बोलायचा.

एवढा पगार घेणाऱ्या बाईला काय कमी असणार, असं तुम्हाला वाटेल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! महिना अर्धा सरायच्या आत ही बाई चहाचे पैसे रिगरकडून उसने घ्यायची. रिगर म्हणजे खाली उभा राहून हुकाला माल बांधणारा आणि तिला इशारे देणारा माणूस. साधा, कमी पगाराचा. तो पैसे काढून द्यायचा आणि मान दुसरीकडे वळवायचा.

मग पैसे जात कुठे? दारू नाही, जुगार नाही, दागिन्यांचा सोस तर मुळीच नाही. पैसे जात तिच्या हातापायी. तिचा हात सुटायचा. राग डोक्यात गेला की समोर कोण उभं आहे ते तिला दिसतच नसे, आणि राग उतरला की जे केलं ते बघून तिचा जीव तीळतीळ तुटे. माफी मागणं तिला कधी जमलं नाही. ती भरपाई करायची. नवऱ्याच्या कपाळावर कुकरचं झाकण बसलं, चार टाके पडले. टाके निघायच्या आत तिने कर्ज काढून त्याला दुकान टाकून दिलं. दुकान बसलं, कर्ज उभं राहिलं. सासूला दारावर ढकललं आणि तिचं मनगट मोडलं, तर प्लास्टर सुकायच्या आत घरात नवं फर्निचर आलं. सख्ख्या धाकट्या भावाला त्याच्याच लग्नात पाहुण्यांदेखत अशी थोबाडीत ठेवून दिली की त्याच्या ओठातून रक्त आलं. त्याची किंमत झाली एक पांढरी मोटार. हप्ते अजून चालू होते.

घरच्यांना हे गणित केव्हाच उमगलं होतं. भावाला तर इतकं पाठ झालं होतं की पैसे हवे असले की तो मुद्दाम काहीतरी टोचून बोलायचा आणि गाल पुढे करायचा. "आमच्या ताईचा हात म्हणजे लक्ष्मीचा हात," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. बेशरम होता, पण त्याला एकट्याला काय बोलायचं? वहिवाट तिनेच पाडली होती. त्यातून तिचं बँकेचं कार्डही त्याच्याकडेच. बाई वर, बँक खाली. दिवसभर क्रेनवर बसणाऱ्या माणसाची बिलं कोण भरणार? भाऊ भरायचा, आणि भरता भरता स्वतःचंही थोडं उरकून घ्यायचा.

गेल्या महिन्यात तिची खालची दाढ दुखायला लागली. दवाखान्यात जायला पैसे नव्हते, पगाराला आठवडा होता. तिसऱ्या दिवशी तिने न्हाणीघराचं दार लावलं, आरशासमोर उभी राहिली आणि नवऱ्याच्या बंद दुकानातली पक्कड तोंडात घातली. दाढ निघाली नाही. वरचा तुकडा काडकन मोडला आणि मुळं आतच राहिली. बेसिन लाल झालं. दाराबाहेर नवरा विचारत होता, "अगं, काय पडलं?" तेव्हा तिने ती पक्कड दारावर अशी भिरकावली की दाराला भोक पडलं.

मग पू झाला. गाल सुजला, ताप यायला लागला. उसने पैसे घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी तपासून बजावलं की हे विष रक्तात गेलं तर दाढेवर भागणार नाही, जीवाशी येईल. ऑपरेशनचे पैसे आधी भरायचे होते. तिने घरात सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, "या पगारातून आधी माझी दाढ. बाकी सगळं नंतर." भावाने मान हलवली. "म्हणजे काय ताई! जीव आहे तर जग आहे."

पगाराच्या दिवशी केबिनमध्ये तिचा फोन वाजला. पगार जमा. तिच्या सुजलेल्या तोंडावर जरा हसू आलं. मग फोन वाजतच राहिला. दुकानाच्या कर्जाचा हप्ता गेला, फर्निचरचा गेला, मोटारीचा गेला. हे तिला माहीत होतं. दाढेपुरते उरले होते. दुपारी पुन्हा फोन वाजला आणि तेही गेले.

तिने भावाला फोन लावला. "दाढेचे पैसे कुठायत?"

"अगं, तिकडेच येतोय. दाखवतोच तुला."

तो आला तो मोटार घेऊनच. ताईचा भाऊ म्हणून वॉचमनने फाटक उघडलं, आणि माल उतरतो त्या जागेची पिवळी पट्टी ओलांडून त्याने गाडी मध्येच उभी केली. गाडीत नवे स्पीकर बसवले होते. गाणं एवढ्या मोठ्याने लावलं होतं की सळ्या बांधणारे कामगार कानावर हात ठेवून बघत राहिले. त्याने रिगरच्या हातातून वॉकी-टॉकी ओढून घेतला.

"ताई, आवाज ऐक! कसला भारी आहे!"

वर हुकाला सळ्यांचा भारा टांगलेला होता.

"दाढेचं पुढच्या महिन्यात बघू गं. रागावलीस? मग ये खाली, दे एक ठेवून," तो हसत म्हणाला. "या वेळी नवी सीट कव्हरं घेतो."

तिने दात आवळले. गालातलं गळू फुटलं आणि तोंड पू-रक्ताने भरलं. ते तिने केबिनच्या काचेवर थुंकलं. मग भारा सावकाश फिरवून बरोबर गाडीच्या वर आणला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

तिचा तो थंड आवाज रिगरने कधी ऐकला नव्हता. भाऊ आवाज आणखी वाढवायला गाडीत वाकला होता. रिगरने धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मागे ओढलं, आणि त्याच क्षणी भारा पूर्ण वेगाने खाली आला. गाडीचं छप्पर पार खाली बसलं, काचा उडाल्या. गाणं बंद पडलं. भावाला ओढलेलं तिने पाहिलं होतं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ती केबिनमधून निघून शिडी उतरू लागली. आपण भावाला मारलं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आई मरताना हात धरून सांगून गेली होती, पोराला सांभाळ. तो पाळण्यात असल्यापासून तिने त्याला कडेवर वागवलं होतं. ती रडत उतरत होती आणि स्वतःला शिव्या देत होती.

भाऊ जमिनीवर बसला होता. एक कान फाटला होता, गालात काचा रुतल्या होत्या, हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. पण जिवंत होता. तिने त्याला पोटाशी धरलं. "मारलं असतं रे तुला मी. मारलंच असतं."

इंजिनियर धावत आला. भावाने लगेच सांगून टाकलं, "साहेब, ब्रेक फेल झाला. ताईची काही चूक नाही. मी डोळ्यांनी बघितलं."

तिला हुंदका आला. एवढं होऊनही हा आपल्याला वाचवतोय! तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. तेव्हा तो तिच्या कानाशी लागून कुजबुजला, "घाबरू नकोस. मी आहे ना. फक्त आता ह्याच्याहून मोठी घेऊन दे."

तिचा हात त्याच्या केसांतच थांबला. आपल्या रागाची त्याने किंमत ठरवली, हे तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं; आणि आपण ती देणार, हेही दिसलं. उद्या नाहीतर परवा, त्याचा प्लास्टरमधला हात बघून, नक्की देणार. पगार येत राहील तोवर देत राहणार, दाढ राहिली काय आणि जीव गेला काय.

"तुम्ही घरी जा मॅडम," इंजिनियर म्हणत होता. "ब्रेकची तपासणी लावतो. ज्याने देखभाल केली त्याला सोडत नाही."

ती उठली. तोंड पुसलं.

"मशीन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मी मुद्दाम टाकलं. ह्याला बघून टाकलं."

"मॅडम, विचार करून बोला. पोलीस बोलवावे लागतील."

"बोलवा."

"ताई!" भाऊ मोडका हात सावरत ओरडला. "वेड लागलं का? नोकरी जाईल! पगार कुठून येणार?"

"नाही येणार," ती म्हणाली.

तिचा मार त्याने आजवर हसत खाल्ला होता. आता मात्र तो भीतीने पांढराफटक पडला.