दहीभाताचा कापूस

"अहो बाई, थांबा!" मी ओरडलो, पण दहीभात कागदावर पडून गेला होता.

मी जलरंगात शेतं रंगवतो. शेतात बसून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात मारतो. बारकावे यवतमाळच्या स्टुडिओत. त्या दिवशी मंगलाताईंचं कापसाचं वावर, म्हणजे शेत, रंगवत होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या यवतमाळला लेकीकडे अडकल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची सीतादही चुकत होती. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी बायका वावरात पूजा करतात, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दहीभात शिंपडतात, ती सीतादही. "निदान पांढरं वावर तरी दाखवा मले," चित्र काढायला सांगताना त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

पांढऱ्यापाशीच आमचं घोडं अडतं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तेवढा कागद कोरा सोडतात. मी बोंडन् बोंड जपून कोरं सोडलं होतं. आणि वेचणीच्या टोळीची पुढारीण बेबीबाई, पऱ्हाटीवर शिंपडता शिंपडता तिने एक मूठ माझ्याकडेही वळवली.

"काहून ओरडता भाऊ? तुमच्या कागदावर बी कापूसच हाय ना? त्यालेच उपाशी ठेवू काय?"

बायका खो-खो हसल्या. मला हसू येईना. हसतच त्या ओळींत शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत वावरातलं पांढरं संपलं. दुसरं चित्र काढणार कशाचं?

स्टुडिओत शितं सुरीने खरवडली. दह्याचे डाग राहिले. त्यांच्यावर रंग धरेना. दह्याच्या ओशटपणाने सरकून जाई. बांधाजवळ दाट हिरवं ठरवलं होतं, तिथेही पांढुरके ठिपके. शिवाय आंबूस वास आणि मुंग्या. दोनदा चित्र फाडायला घेतलं. शेवटी चिडून ठिपक्यांखाली सावली दिली, तर बोंडं उमलली. मी जपून सोडलेल्या बोंडांपेक्षा झकास! फार आनंद झाला, थोडा रागही आला.

चित्र घेऊन लेकीच्या घरी गेलो. मंगलाताईंनी ते जवळ धरलं. हुंगलं. "दही?"

खोटं बोलवेना. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "नको असेल तर परत नेतो."

"गप बसा भाऊ." त्यांनी डोळे पुसले. "माह्या वावरातली सीतादही घरी आली, अन् तुम्ही वापस नेऊन राह्यले?" मग आत वळून लेकीला हाक मारली, "मीनल, वाटीत दहीभात आण वं. चित्रावर माह्या हातचा बी पडू दे."

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जलरंगाचं चित्र गिऱ्हाइकाच्या हाती काच बसवूनच द्यायचं.