समोर ये, मंग सांगस

“समोर ये, मंग सांगस.”

आधी समोर ये, मग सांगते. कुणालाही बोलायच्या आधी मावशी एवढं म्हणायच्या. मग उठायच्या, ओच्यातले मिरचीचे देठ झटकायच्या, पदर कोपरानं सारखा करायच्या, कारण तिखटाचे हात कुठे लावायची सोय नसते, आणि ज्याला बोलायचं त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहायच्या. मग दोन-चार ओळी. जागच्या जागी जुळवलेल्या. एकदा म्हटलेली ओळ पुन्हा कधी नाही.

नंदुरबारच्या लाल मिरचीचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. फार सुंदर येतात. वरून काढले की बायका ठिपक्यांसारख्या दिसतात. हे ठिपके मिरची वाळवायच्या मैदानात, म्हणजे पथारीवर, दिवसभर उन्हात बसून देठ खुडतात आणि खोकतात. मावशी त्यांतल्याच एक. मी तिथं पत्रकं वाटायला जायचो. सावली हा हक्क आहे, वगैरे. पत्रकं मीच लिहायचो. बायका त्यांवर भाकरी ठेवायच्या.

आम्हा कार्यकर्त्या पोरांचा तेव्हा एक कायमचा वाद होता. आजवरचा सगळ्यात मोठा रॅपर कोण? कुणी म्हणे वेग बघा, कुणी म्हणे दम बघा, कुणी म्हणे किती लाख लोक ऐकतात ते बघा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या लाडक्या रॅपरचं गाणं मावशींना ऐकवलं. दुश्मनांच्या चिंधड्या उडवणारं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“हाऊ कोनले बोली ऱ्हायना?”

“त्याच्या दुश्मनांना.”

“त्या कथा शेत?”

“कुठे म्हणजे? समोर कुणीच नाही, मावशी. तो स्टुडिओत गातोय.”

“मंग इतला काबरं बोंबली ऱ्हायना?”

बायका खोकत खोकत हसल्या. मी फोन खिशात घातला.

मावशींचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं : मुकादम. पथारीच्या मालकाचा, शेठचा माणूस. बायका आणणारा, हजेरी घेणारा. पाण्याचा माठ तो स्वतःच्या छत्रीखाली ठेवायचा. मावशी एके दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या :

“मुकादमना माठ सावलीमा बठना,
आम्हना जीव उनमा आटना.
माठले थंडी वाजी ऱ्हायनी, भाऊ,
गोधडी आन, नहीते पानी वाट ना!”

मुकादम आधी लाल झाला, मग त्यालाच हसू फुटलं. “बस वो माय,” म्हणत तो उठला आणि तांब्या घेऊन ओळीतून फिरला. माझ्या चार पत्रकांनी तो माठ वीतभरही हलला नव्हता.

मग फाल्गुनात एक बाई उन्हात बसल्या जागी कोसळली. तिला आम्ही भिंतीच्या सावलीला नेलं, तोंडावर पाणी मारलं. मुकादम खुर्चीवरून उठला नाही. मावशी गेल्या. या वेळी हसू नव्हतं.

“शेठना फोन उना का उभा ऱ्हास,
बाई पडनी उनमा, ते बठी ऱ्हास!”

शेठचा फोन आला की मुकादम खुर्चीवरून उठून उभा राहायचा, हे सगळ्या बायकांनी पाहिलेलं होतं. मुकादमानं मान खाली घातली. मग म्हणाला, “उद्या ताडपत्री बांधस, माय.”

इथं थांबायला हवं होतं. माणूस विरघळला होता. सावली येणार होती. पण माझ्या फोनमध्ये सगळं चित्रित झालं होतं, आणि मी कार्यकर्ता होतो. ताडपत्रीचं वाक्य कापलं, खाली ठेका घातला, मुकादमाच्या तोंडाभोवती लाल गोल काढला आणि वर लिहिलं : आजवरची सगळ्यात मोठी रॅपर. संध्याकाळी टाकलं. सकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं. शेठनंही.

सकाळी मुकादम ताडपत्री खांद्यावर घेऊन आला, तेव्हा शेठनं ती तिथंच टाकायला लावून त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मावशींनाही. आत नवा मुकादम उभा होता, बायकांचे फोन गोळा करत.

दोन दिवसांनी मी मावशींच्या घरी गेलो. त्या पिशव्या भरत होत्या. लेकीकडे, सुरतेला निघाल्या होत्या. मी सुरू केलं, शेठ कसा दोषी आहे, आपण कसं लढू. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

“ताडपत्री आनेल व्हती त्यानी,” त्या म्हणाल्या. “मी त्याले बोलनू, भाऊ. त्यानी ऐकं. तू जगले दखाडं.”

“मग मला बोला, मावशी. मी समोर आलोय.”

मी खरंच वाट पाहत होतो. दोन ओळी, कितीही झोंबणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुले काय सांगू? तू ऐकस ते फोनमा टाकाले.”

बस्स. त्याला जोडीची ओळ आलीच नाही.

मावशी परत आल्या नाहीत. तो व्हिडिओ मी काढून टाकला, पण इतरांकडे फिरतोच आहे. खाली अनोळखी लोक लिहितात, हीच खरी रॅपर, हिच्यासारखी कुणी नाही. खरं आहे. पण ज्याला बोलल्या तो समोर होता, आणि त्याच्या हातून ताडपत्री निघाली होती, हे त्या व्हिडिओत दिसत नाही. मीच कापलं होतं.

परवा पथारीवरून गेलो. फाटकाच्या आत कडेला ताडपत्री तशीच पडली आहे, दोरीची गाठ न सुटलेली, वर मिरचीची लाल धूळ. बायका उन्हात. नुसता खोकला.

नवं पत्रक लिहून तयार आहे. या वेळी वाटायचं नाही, शेठच्या पेढीत शिरून, त्याच्यासमोर उभं राहून वाचायचं आहे. दोनदा पायरीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा शेठ आतच बसलेला होता.